जोडीदाराच्या कार्डावर

आमच्या गाडीत ड्रायव्हरचे तास मोजणारी ती डबी पहिल्यांदा बसवली तेव्हा मी ती टॉमीनं फोडली. टॉमी म्हणजे चाक खोलताना लागते ती लोखंडी पहार. दोन घाव घातले. पहिल्या घावाला काच गेली, दुसऱ्याला आतल्या तारा बाहेर आल्या. बसवायला आलेला माणूस केबिनमध्येच होता. तो 'अहो काका, अहो काका' करत खाली उतरायला लागला तशी मी त्याची कॉलर धरली आणि म्हणालो, "तुझं यंत्र मला सांगणार व्हय, मी कवा दमलो ते?" त्याच्या शर्टाची दोन बटणं माझ्या मुठीत राहिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. पोटासाठी आलेला माणूस. पण मला त्या दिवशी कुणाला तरी मारायचं होतं आणि तो जवळ होता.

शेठनं मला काढलं नाही. एकोणीस वर्षं त्याच्याकडं गाडी चालवत होतो, एकदाही गाडी घासलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत दुसरी डबी बसली, आणि शेठ मला एवढंच म्हणाला, "आता ही फोडलीस तर चावी टेबलावर ठेवून जायचं."

गाडी म्हणजे बल्कर, सुटं सिमेंट वाहून नेणारी मोठी टाकी. होटगीच्या बाजूच्या कारखान्यातून माल भरायचा आणि नाशिक, नगर, लातूर, जिथं सांगतील तिथं रिकामा करून यायचं. लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर. डबी आल्यावर दोघांना दोन कार्डं मिळाली. जो स्टेअरिंगवर बसेल त्यानं आपलं कार्ड डबीच्या खाचेत घालायचं. सलग चार तास झाले की डबी शिट्टी मारायची. मग एक तर अर्धा तास गाडी उभी करायची, नाहीतर जोडीदारानं आपलं कार्ड घालून बसायचं. एका माणसाला दिवसाला आठ तास. त्याच्या वर गेलं की हपिसातल्या रिपोर्टवर त्याच्या नावापुढं लाल रेघ. तीन लाल रेघा झाल्या की तो माणूस गाडीवरून खाली. हे सगळं मला हपिसातल्या साहेबानं समजावून सांगितलं. साहेब म्हणजे माझ्या धाकट्या पोरापेक्षाही लहान. सांगताना तो माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत होता, ते मला आवडलं नाही.

मला झोप येत नाही, ही माझी सगळीकडं ख्याती होती. येत नाही म्हणजे येऊ देत नव्हतो. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो तो डोळा लागला की पान्यानं गुडघ्यावर मारायचा. उजव्या गुडघ्याची वाटी त्यानं एकदा अशी फोडली की महिनाभर ब्रेक दाबताना मी दात ओठावर रोवून दाबायचो. त्याच्यावर माझा राग नाही. पुढं मीही माझ्या हाताखालच्यांना तसंच मारलं. एकाचा दात पाडला. आमच्यात जागं राहायला असंच शिकवत होते, आणि मी चांगला शिकलो होतो. माझी इयत्ता चौथीपर्यंत. त्यापुढचं सगळं शिक्षण त्या पान्याचं.

डबीला फसवायची तऱ्हा सहा महिन्यांत सगळ्या ड्रायव्हरांना माहीत झाली. शिट्टी झाली की जोडीदाराचं कार्ड घालायचं आणि स्टेअरिंगवर आपणच बसून राहायचं. हपिसात पडद्यावर दिसायचं की दोघं वाटून गाडी चालवतायत. रस्त्यावर एकच चालवत असायचा. हे सगळे करत होते. त्यावरून मारामाऱ्याही व्हायच्या. एकदा कारखान्याच्या आवारात एकानं जोडीदाराला न विचारता त्याचं कार्ड वापरलं आणि लाल रेघ त्या बिचाऱ्याच्या नावावर पडली. त्यानं फॅनबेल्ट काढला आणि याला असा हाणला की कानाची पाळी लोंबायला लागली. आम्ही बघत उभे होतो. कुणी सोडवलं नाही, कारण चूक कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं.

माझा जोडीदार अक्कलकोटकडचा. चाळिशीचा, अंगानं किरकोळ, हात मात्र चांगला. घरात कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी, आणि मला मामा म्हणायचा. एकच माणूस असा होता की जो माझी चेष्टा करायचा आणि मी खपवून घ्यायचो. म्हणायचा, "मामा काय झोपत न्हाईत. नुसतं डोळं झाकून फुडचा रस्ता आठवत्यात." मी त्याला शिवी द्यायचो आणि दोघं हसायचो.

त्या खेपेला माझ्या नावावर दोन लाल रेघा झालेल्या होत्या. तिसरी पडली की संपलं. घरी बसायचं, पोरांच्या तोंडाकडं बघायचं. मला ते मरणासारखं वाटत होतं.

नाशिककडं एका बांधकामावर माल खाली करायचा होता. तिथं बल्करांची रांग लागली होती. रांग हातभर पुढं सरकली की गाडी हातभर पुढं घ्यायची, नाहीतर मागचा घुसतो. दोन दिवस आणि दोन रात्री असं चाललं. जोडीदाराला पहिल्याच दिवशी ताप भरला. मी त्याला सीटमागच्या झोपायच्या फळीवर झोपवला आणि रांग मीच धरली. डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे टाकी रिकामी झाली आणि आम्ही सोलापूरच्या रस्त्याला लागलो. माझ्या कार्डावर.

नगर आलं आणि शिट्टी झाली. जोडीदार फळीवर उठून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते, दात वाजत होते.

"मामा, सरका. मी बसतो," म्हणाला.

"पड गप. कार्ड दे तुजं."

"थांबू की अर्धा तास. च्या घिऊ."

"थांबून काय हुतंय? सोलापूर गाठस्तवर आठाच्या वर जातंय माजं. दे हिकडं."

त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. ते तापानं गरम झालेलं होतं. मी ते खाचेत घातलं आणि शिट्टी बंद झाली. तो परत आडवा झाला. अर्धा तास थांबलो असतो तर एक माणूस आज दोन पायांवर चालला असता. हे मी रोज म्हणतो. म्हणून काही होत नाही.

करमाळा मागं टाकला. दुपारचे बारा वाजले असतील. ऊन काचेवर सरळ येत होतं. जेऊरच्या अलीकडं एक वस्ती लागते, तिचं नाव लिहीत नाही. रस्त्याच्या कडेनं एक माणूस मोटारसायकलवर आमच्याच दिशेनं चालला होता. मागं ठिबकच्या नळीचं काळं वेटोळं बांधलं होतं. ते वेटोळं मला दिसलं, हे मला नक्की आठवतं. त्यानंतर दिसलं ते बाभळीचं झाड, आणि ते काचेच्या आत होतं.

मधलं काही नाही. आवाजही मी ऐकला नाही. स्टेअरिंग छातीत घुसलं होतं आणि श्वास बाहेर जात होता पण आत येत नव्हता. डाव्या बाजूचं दार झाडात चेपून बसलं होतं. जोडीदार फळीवरून पुढं फेकला गेला होता. तो उठला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "एनातु, मामा?" काय झालं. घाबरला की तो कानडीत बोलायचा. मग त्यानं आरशात मागं बघितलं. मागं रस्त्यावर माणूस पडला होता आणि ठिबकची नळी उलगडत निघाली होती. जोडीदार माझ्या मांडीवर पाय देऊन, माझ्या अंगावरून, माझ्या बाजूच्या दारानं खाली उतरला आणि त्या माणसाकडं पळाला.

आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. ठोकर झाली की ड्रायव्हर पळतो, रान गाठतो, पोलीस ठाणं गाठतो. लोक आधी मारतात, मग विचारतात, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. जोडीदारालाही माहीत होतं. तरी तो त्या माणसाकडं गेला. कमरेचा पंचा सोडला आणि त्याच्या मांडीला आवळायला लागला. डावा पाय गुडघ्याखाली राहिलेला नव्हता.

वस्तीवरची माणसं आली. आधी चार, मग वीस-पंचवीस. ड्रायव्हरच्या दारातून उतरलेला माणूस त्यांनी बघितला होता. त्यांनी त्याला केसांना धरून मागं ओढला. पहिली लाथ पोटात बसली. मग कुणीतरी बैलगाडीच्या जुवातलं शिवळ आणलं, हातभर लाकडी दांडकं. जोडीदार ओरडत होता, "बिडरी, बिडरी," म्हणजे सोडा. ते ऐकून एकजण म्हणाला, "भाईरचा हाय रं ह्यो, हाणा." डोक्यावर येणारा घाव त्यानं डाव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला केबिनमध्ये ऐकू आला. अपघाताचा आवाज ऐकला नव्हता, तो ऐकला.

मी खाली उतरलो. दाराला धरून, हळूहळू. दोघं-तिघं माझ्याकडं धावून आले. एकाच्या हातात दगड होता. दुसऱ्यानं त्याला अडवलं.

"म्हाताऱ्याला नगं. ते बाजूला बसलेलं असंल."

दगडवाल्यानं मला विचारलं, "काय वो म्हातारं, त्यो चालवत हुता न्हवं?"

मी तोंड उघडलं. श्वास येत नव्हता हे खरं. पण एक शब्द बोलण्यापुरता श्वास होता, हेही खरं. मी रस्त्याच्या कडेला बसलो. ते परत तिकडं गेले आणि मी बघत राहिलो. तोंडावर मारताना त्यांनी त्याला बसता केला होता, म्हणून त्याचं तोंड माझ्याकडं होतं. तो माझ्याकडं बघत होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं नाही.

मी आयुष्यात मार खायला कधी भ्यालो नाही. नाक्यावर, धाब्यावर, कारखान्याच्या फाटकात, तिघांना एकटा भिडलो आहे. त्या दिवशी भ्यालो का, तर मला वाटत नाही. मी हिशेब केला. तो चालवत होता असं झालं तर माझ्या नावावर काहीच नाही. तेवढ्या वेळात मी एवढा हिशेब केला, त्याच्या तोंडातून रक्त येत असताना. भीती असती तर मला स्वतःला माफ करता आलं असतं.

पोलीस आले. जखमी माणसाला आणि जोडीदाराला एकाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, जोडीदाराबरोबर एक शिपाई दिला. मला ठाण्यात आणलं. दुपार कलेपर्यंत आमच्या हपिसातला साहेबही पोचला. त्यानं डबीचा कागद आणला होता. नगरपासून पुढं जोडीदाराचं कार्ड. वेगही बेताचा. सगळं नियमात.

साहेबानं मला व्हरांड्यात नेलं. "काका, ह्या खेपेचं तुमचं रेकॉर्ड क्लीन आहे. तुम्ही फक्त गप बसा."

"आन् त्याचं काय?"

"त्याचं आपण बघू. वकील देऊ. तुम्ही मध्ये पडलात तर कार्ड बदललं हे बाहेर येईल. मग सगळ्यांचीच लायसन जातील. आणि तुम्ही आता या वयात जेलमध्ये जाणार का?"

हवालदारानं जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात होतं की मी मागच्या फळीवर झोपलो होतो आणि धक्का बसल्यावर जागा झालो. हवालदार म्हणाला, "बरोबर हाय न्हवं, बाबा?" मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी झोपलो होतो असं कागदावर लिहून दिलं, आणि फळीवर म्हणून लिहिलं, तेही खोटं.

घरी आलो. छाती धरून चार दिवस पडलो. छातीवर एक अर्धं कडं उमटलं होतं, पहिल्या दिवशी काळं, मग जांभळं. बायको तेल चोळायला आली तिला मी ढकलून दिलं. ती भिंतीवर आपटली. पोरगा मधे आला तर त्याच्याही अंगावर गेलो. घरातली माणसं मला जेवण ठेवून बाहेर जायची. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याला धक्का बसलाय, असं ती शेजाऱ्यांना सांगत होती.

चौथ्या दिवशी जोडीदाराची बायको आली. मी तिला लग्नापासून ओळखतो. ती आत आली नाही, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"दवाखान्यातनं सोडलं की त्यास्नी आत टाकणार हायत," ती म्हणाली. "पोलीस इचारत्यात, तूच चालवत हुतास न्हवं. ते व्हयबी म्हणत न्हाईत आन् न्हायबी म्हणत न्हाईत."

"मग काय म्हणतोय?"

"म्हणत्यात, मामास्नी इचारा. मामा सांगतील."

ती जायला वळली. मग म्हणाली, "मामा, त्यास्नी उभंबी ऱ्हावत नव्हतं. रांगेतनं फोन केला तर आवाज निघत नव्हता. तापात कोण गाडी चालवंल?" आणि मी काय उत्तर देतो ते न बघता ती गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, चप्पल मारली असती, तर मी कदाचित हट्टाला पेटलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

मी सदरा घातला आणि एसटीनं त्या ठाण्याला गेलो. एकटाच. तोच हवालदार होता.

"गाडी मी चालवत हुतो," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. "बाबा, घरी जावा. तुमचा जबाब झालाय."

"त्यो खोटा हाय."

"आन् मशीन खोटं बोलतंय व्हय? त्यात तुमच्या जोडीदाराचं कार्ड हाय. लई माया आली म्हून दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घ्यायचा नस्तो."

मी टेबलावर हात आपटला. त्याच्या चहाचा पेला खाली पडून फुटला. शिपायानं मला मागून धरलं आणि दंड पिरगाळला. मला आतापर्यंत कुणी खोटं पाडलं की मी मारून खरं करत आलो होतो. इथं मारून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "सदरा काढू द्या." शिपायानं हात सोडला. मी बटणं काढली आणि छाती दाखवली. स्टेअरिंगचं अर्धं कडं एव्हाना हिरवं-पिवळं पडलं होतं, एका बरगडीपासून दुसऱ्या बरगडीपर्यंत, कुणी खडूनं काढावं तसं.

"फळीवर स्टेअरिंग असतंय का वो?" मी विचारलं.

हवालदार उठून जवळ आला. बोटानं एका जागी दाबलं. मी ओरडलो. मग त्यानं साहेबाला बोलावलं. ठाण्याचा साहेब बराच वेळ बघत राहिला, आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"कार्ड तुम्ही बदललं?"

"व्हय. नगरला. त्याला ताप हुता."

"मग एक सांगा. रस्ता सरळ. दुपारचं ऊन. समोरून गाडी नाही. तिथं ब्रेकचा एकसुद्धा डाग नाही. का नाही दाबला ब्रेक?"

इथपर्यंत मी ठरवून आलो होतो. याच्या पुढचं ठरवलं नव्हतं. मनात होतं की सांगावं, मोटारसायकल आडवी आली. गाडी चालवत होतो हे सांगणं सोपं होतं, त्यात माझी मान ताठच राहत होती. जोडीदारासाठी म्हातारा उभा राहिला असं चार लोक म्हणाले असते. पण मोटारसायकल आडवी आली म्हटलं की तो पाय तुटलेला माणूस खोटा ठरत होता. त्याचा भाऊ तिथंच बाकावर बसला होता, दवाखान्यातून कसला तरी कागद घेऊन आलेला. त्याच्या हातात दगड होता त्या दिवशी. मी त्याला ओळखलं.

"झोप लागली," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला."

"झोप लागली मला. दोन दिस जागा हुतो. मला कळलंच न्हाय."

साहेबानं लिहून घेतलं. ह्या वेळी वाचून दाखवलं तेव्हा प्रत्येक शब्द माझा होता. बाकावरचा माणूस उठून माझ्यापुढं आला. मला वाटलं, आता मारतो. "त्या दिशी का बोलला न्हाईस?" एवढंच त्यानं विचारलं.

माझं लायसन गेलं. काही दिवस आत राहिलो, मग जामीन झाला. केस अजून चालू आहे, तारखेला जातो. तो माणूस कुबडीवर येतो. आम्ही एकमेकांकडं बघत नाही. हपिसातल्या साहेबानं सांगितलं तसं दुसऱ्यांचंही झालं, कार्डाची गोष्ट बाहेर आली आणि बऱ्याच जणांना खाली उतरवलं. त्यांतले दोघे मला बार्शी नाक्यावर गाठून गेले. बरगडी आधीच मोडलेली होती, त्यांनी दुसऱ्या बाजूची मोडली. मीही एकाचं नाक फोडलं. त्याचं मला काही वाटत नाही.

जोडीदाराला सोडलं. मी त्याच्या घरी गेलो नाही, कोणत्या तोंडानं जाणार. तीन महिन्यांनी तोच आला. मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. तो रस्ता ओलांडून येताना दिसला. डावा हात कोपरात वाकलेलाच राहिला होता, सरळ होत नव्हता. गिअर डाव्या हातानं टाकायचा असतो. मोठ्या गाडीचा गिअर त्या हाताला आता झेपणार नव्हता, हे मला त्याच्या चालण्यावरूनच कळलं.

मी उठून उभा राहिलो. तो जवळ आला, थांबला, आणि उजव्या हातानं माझ्या तोंडात मारली. उघड्या हातानं नाही, मुठीनं. मी बाकड्यावरून खाली पडलो. टपरीवरची माणसं धावली. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि परत उठून उभा राहिलो, त्याला अजून मारायचं असेल तर सोपं जावं म्हणून. हात खाली ठेवले. तसं उभं राहणं मला येत नव्हतं, मुठी आपोआप वळत होत्या. त्या मी उघडून धरल्या.

त्यानं परत मारलं नाही. तो दमला होता.

"चार दिस, मामा," तो म्हणाला. "चार दिस मी तितं वाट बघत हुतो. दार वाजलं की वाटायचं, मामा आलं."

"आलो की रं."

"व्हय. आला." तो माझ्या फुटलेल्या ओठाकडं बघत होता. "म्हून एकच मारली."

तो बाकड्यावर बसला. टपरीवाल्यानं न विचारता दोन चहा ठेवले. जोडीदारानं उजव्या हातानं पेला उचलला आणि रस्त्याकडं बघत प्यायला लागला. नाक्यावरून बल्कर जात होते, एकामागून एक. माझ्या चहात रक्त पडत होतं. मी तसाच प्यालो.